कामापुरतं लंडन

नाशिकरोडच्या माणसाला पासपोर्टचं अप्रूप जरा कमीच असतं. ते निळं पुस्तक छापलं जातं आमच्याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, आणि प्रेसमध्ये कुणाचा बाप, कुणाचा काका, नाहीतर कुणाचा सासरा असतोच. माझे वडील तिथे तिकिटांच्या खात्यात होते. छापून आलेले ताव तपासायचे, शाई कुठे फिकी पडली का, भोकांची रांग सरळ पडली का हे बघायचं, वाईट ताव बाजूला काढायचा. लोकांच्या पत्रांवर लागणाऱ्या तिकिटांच्या कडा बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. स्वतः त्यांनी पत्रं अशी फारशी कुणाला लिहिली नाहीत. साठी उलटल्यावर मी पहिल्यांदा देशाबाहेर पडलो, तेव्हा हीथ्रोच्या काउंटरवरच्या अधिकाऱ्याने माझ्या पासपोर्टचं एक पान दोन बोटांत धरलं आणि उजेडाकडे तिरकं केलं. वडील ताव बघताना अगदी तसंच करायचे. माझी धडधड तिथल्या तिथे थांबली. तपासणाऱ्याची मान कशी वाकते हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

आणि तिकिटं म्हणाल तर ती मुळात लंडनहूनच यायची. 1855 पासून हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनच्या टॉमस डी ला रू कंपनीत छापली जात. 1925 मध्ये नाशिकरोडला प्रेस सुरू झाली आणि ते काम आमच्याकडे आलं. म्हणजे वडिलांची खुर्ची त्यांच्याआधी सत्तर वर्षं लंडनला होती. ती कुठे होती ते बघून यावं म्हणून मी भाच्याला बनहिल रो नावाच्या रस्त्यावर ओढत नेलं. कारखाना दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात गेला. आता तिथे काचेची ऑफिसं आहेत. रस्त्यालगत बनहिल फील्ड्स नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथे कवी ब्लेक आणि रॉबिन्सन क्रूसो लिहिणारा डिफो यांची थडगी आहेत, आणि दुपारी ऑफिसातली पोरंपोरी त्यांच्या शेजारच्या बाकांवर बसून सँडविच खातात. भाचा म्हणाला, "मामा, लोक लंडनला येऊन हे बघत नाहीत रे."

लोक काय बघतात याची यादी त्याने केलेली होतीच. त्याची पहिली अट मात्र अशी, की कशाचेही रुपये करायचे नाहीत. "कॉफीचे रुपये केलेस तर ती घशाखाली उतरायची नाही." तो हाऊन्स्लोला राहतो. घरावरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान उतरतं. बोलता बोलता तो शब्दाच्या मध्येच थांबतो, विमान जाऊ देतो आणि राहिलेल्या अक्षरापासून पुढे सुरू करतो. चहा ओतत असेल तर ओतणं चालूच राहतं, फक्त बोलणं थांबतं. त्याच्या लक्षातही येत नाही. माझ्या दृष्टीने हे त्या शहरातलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ.

यादीतली बाकीची स्थळं मी आधीच पाहिलेली होती: कॅलेंडरवर, बिस्किटांच्या डब्यांवर, सिनेमांत. बिग बेन, टॉवर ब्रिज, राजवाड्यापुढचे लाल डगलेवाले. समोर उभं राहिल्यावर कळलं ते इतकंच, की चित्रात होतं तसंच आहे. आजूबाजूला माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. त्या गर्दीत बघणं थोडं आणि हजेरी लावणं जास्त. मीही लावली. फोटो बहिणीला पाठवला. तिच्याकडून उलट टपाली नाशिकच्या रंगपंचमीचा व्हिडिओ आला. तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, पोरं धपाधप उड्या मारत होती, भगव्या-पिवळ्या पाण्याचा लोळ भिंतीपर्यंत उडत होता. मी तो पाहिला भुयारी रेल्वेत, जिथे डब्यातला झाडून सगळा समाज काळ्या आणि करड्या कोटांत गप्प बसलेला होता. समोरच्या बाईने माझ्या मोबाइलकडे ओझरतं पाहिलं आणि शिस्तीत नजर वळवली.

नदीवर मात्र मी अडकलो. गोदाकाठच्या माणसाला नदी दिसली की आधी पाण्याची उंची बघायची खोड असते. आमच्याकडे त्यासाठी दुतोंड्या मारुती आहे. रामकुंडाजवळ नदीत उभा. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावर सगळं शहर पूर मोजतं. धरणातून किती क्युसेक सोडलं ते वर्तमानपत्रात येतं, पण पंचवटीतला माणूस विचारतो, "मारुती कुठवर?" टेम्सच्या काठाने, व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या भिंतीवर, सिंहांची काशाची मुंडकी ओळीने बसवलेली आहेत, प्रत्येकाच्या तोंडात होड्या बांधायची कडी. सिंहांच्या तोंडाला पाणी लागलं की लंडन बुडालं म्हणून समजा, अशी तिथली म्हण आहे. त्या भिंतीपाशी मी जितका वेळ घालवला तितका राजवाड्यापुढेही घालवला नाही. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

फरक इतकाच, की इथे पाणी रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. लंडन ब्रिजपाशी भरती-ओहोटीत सात मीटरांच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला काठाचे गोटे, जुन्या विटा, मातीच्या चिलमींचे तुकडे उघडे पडतात. ते वेचणारे लोक आहेत, आणि वेचायला रीतसर परवाना लागतो. हा बांधीव काठ जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने 1870 मध्ये पुरा केला. वरून फिरायला रस्ता. पोटातून शहराचं सांडपाणी दूर नेणारं भलंमोठं गटार. (आपल्याकडे घाटाखालून काय वाहतं ते विचारू नये.)

त्याच 1870 साली, 30 एप्रिलला, गोदावरीच्या उगमाशी त्र्यंबकेश्वरला धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. आता खरं सांगायचं तर लंडनला मी त्यांच्याच मागावर गेलो होतो. भाच्याच्या यादीत त्यांना जागा नव्हती. आम्हा नाशिककरांना ते पुतळ्याचे आणि पुरस्काराचे दादासाहेब. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पोरांना घेऊन रविवारी जायची जागा. जाताना फार तर वरची लेणी बघायची. तिथल्या एका लेण्यात इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, आपण ते कोरवून घेतल्याचं लिहून ठेवलं आहे. म्हणजे तिकडची माणसं इकडे यायची रीत जुनीच. उलट दिशेने गेलेल्या फाळक्यांचं माझं कुतूहल वेगळं होतं: हा गृहस्थ लंडनला गेला, तर त्याने तिथे नेमकं पाहिलं काय?

फाळके मूळचे छपाईतले. राजा रविवर्म्याच्या प्रेससाठी काम केलेलं, मग स्वतःचा छापखाना, छपाईच्या यंत्रांसाठी 1909 मध्ये जर्मनीची वारी. 1911 मध्ये गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे का दिसू नयेत, या एका विचाराने त्यांना पछाडलं. रोज चित्रपट बघून, झोप मारून, प्रयोग करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचार आणि चष्मे यांच्या जोरावर नजर परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1 फेब्रुवारी 1912 ला ते मुंबईहून बोटीत बसले आणि 1 एप्रिलला परतही आले. बोटीचा जाण्यायेण्याचा वेळ काढला तर हातात राहिला जेमतेम महिना. नुकतीच नजर परत मिळालेला माणूस, खिशात कर्जाचे पैसे, आणि समोर त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं शहर.

त्यांनी 1917-18 मध्ये 'नवयुग' मासिकात आपली हकिकत लिहिली. त्या हकिकतीतलं माझ्या मनात राहिलेलं लंडन म्हणजे एक पाटी, एक संपादक आणि एक स्टुडिओ. पिकॅडिलीच्या बाजूला हिंडताना त्यांना 'बायोस्कोप' साप्ताहिकाची पाटी दिसली. मुंबईत त्या अंकाचे ते वर्गणीदार. तेवढ्या ओळखीवर थेट आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला. हा धंदा इथेसुद्धा भल्याभल्यांना बुडवतो, हिंदुस्थानच्या हवेत तर तो धड चालणारही नाही. पाहुणा हटत नाही म्हटल्यावर त्याच संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे, वॉल्टनला पाठवलं. सल्ल्यावरून फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, पन्नास पौंडांना. भाच्याची अट मोडून मी त्याचे रुपये केले. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत. साडेसातशे.

पिकॅडिली सर्कसला मी उभा राहिलो तर पाट्याच पाट्या. इमारतीच्या अंगभर हलत्या जाहिराती, खाली घोळके. यात एका साप्ताहिकाची पाटी दिसायची तर ती आधी डोक्यात असावी लागते. मला काहीच हवं नव्हतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि काहीच दिसत नव्हतं. शेवटी मी मोजे घेतले.

त्या दिवसांत लंडनहून नाशिकला दुसराही माल गेला होता, आणि तो आधी पोचला होता. हायगेटच्या चढावर क्रॉमवेल ॲव्हेन्यूमध्ये 65 नंबरचं घर म्हणजे श्यामजी कृष्णवर्मांचं इंडिया हाऊस, हिंदी विद्यार्थ्यांचं वसतिगृह. भगूरचे विनायक दामोदर सावरकर 1906 मध्ये लंडनला आले ते तिथे राहिले. 1909 मध्ये त्यांनी पाठवलेली ब्राऊनिंग पिस्तुलं एका पेटीच्या चोरकप्प्यातून लंडनहून मुंबईला आली. त्याच वर्षी 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचा जाणकार, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत; कान्हेरे अवघ्या अठरा वर्षांचे. एप्रिल 1910 मध्ये कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना ठाण्याला फाशी झाली. फाळके लंडनला उतरले तेव्हा सावरकर अंदमानात होते.

ते घर मी बाहेरून पाहिलं. भिंतीवर सावरकरांच्या नावाची पाटी आहे, दारात कचऱ्याचे डबे, वरच्या खिडकीत मांजर. आत कुणी तरी राहतं आणि त्यांना आपल्यासारख्यांच्या येण्याची सवय असावी, कारण पडदा जराही हलला नाही. भाचा दबक्या आवाजात म्हणाला, "मामा, फोटो काढू का नको?" मी नको म्हणालो. नाशिकमध्ये विजयानंदवरून मी आयुष्यभर सायकल मारली, पण त्या गोळीचा इथपर्यंतचा धागा मी कधी मनात ताणून पाहिलेला नव्हता. एकाच मुलखातली माणसं, एकच शहर, तीन वर्षांच्या अंतराने. एकाने तिथून पाठवलं हत्यार आणि दुसऱ्याने नेला कॅमेरा. आपल्याकडे या दोघांना मानणारे लोक सहसा एका सभेत बसत नाहीत. लंडनच्या लेखी मात्र दोघेही कामापुरते येऊन गेलेले.

वॉल्टन-ऑन-टेम्सला वॉटर्लू स्टेशनवरून गाडी जाते, अर्ध्या तासाच्या आत. शहर मागे पडतं, घरांच्या मागच्या बागा रुळांकडे तोंड करून येतात. मार्च असल्याने गवतातून जांभळी, पिवळी फुलं वर आलेली. गाव तसं काहीच नाही. बाजाराचा रस्ता, खरेदीसंकुल, औषधाचं दुकान. एका रस्त्याला हेपवर्थचं नाव दिलंय, त्यावरून बसगाड्या जातात. मी मनात कधीपासून एक स्टुडिओ बांधून ठेवला होता, फाळके ज्याच्या फाटकाशी दबकून उभे राहिले असतील असा, व्हिक्टोरिया टर्मिनससारखा. हर्स्ट ग्रोव्ह ही गल्ली पाहिली आणि तो खाली आला.

हेपवर्थने 1899 मध्ये इथे एक घर भाड्याने घेतलं. साधं, उपनगरातलं, मागे परसू. घराच्या खोल्यांत फिल्म धुवायची, परसात फळ्या टाकून रंगमंच. पुढे काचेचं छत आणि विजेचे दिवे आले, पण मुळातला व्यवहार घरगुती. 1905 मधला त्याचा गाजलेला चित्रपट 'रेस्क्यूड बाय रोव्हर': तान्हं बाळ पळवलं जातं आणि घरचा कुत्रा शोधून काढतो. गोष्ट हेपवर्थच्या बायकोने लिहिली, आईचं काम तिनेच केलं, बापाचं हेपवर्थने, बाळ त्यांचं स्वतःचं आणि कुत्राही घरचा. मागणी इतकी आली की प्रती काढून काढून निगेटिव्ह झिजली आणि तोच चित्रपट परत चित्रित करावा लागला.

आता फाळक्यांचं बघा. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेला 'राजा हरिश्चंद्र'. रोहिताश्व म्हणजे त्यांचा मुलगा भालचंद्र. तारामतीला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. दादरच्या घरात सगळं युनिट जेवायला, रांधणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. आणि रात्री माणसं झोपली की अंधारात फिल्मला भोकं पाडणाऱ्याही त्याच. तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. एका चौकटीला दोन्ही कडांना चार-चार, फुटाला सोळा चौकटी, आणि चित्रपट 3700 फुटांचा. मी परतीच्या गाडीत हिशेब केला तर नुसत्या एका प्रतीची साडेचार लाखांवर भोकं झाली. एक रांग तिरकी पडली की पडद्यावर चित्र उड्या मारणार. माझ्या वडिलांना हे काम काय आहे ते न सांगता कळलं असतं.

तेव्हा फाळके वॉल्टनला येऊन चकित झाले की नाही, हा प्रश्नच मला तिथे उभं राहिल्यावर चुकीचा वाटू लागला. माझा कयास असा, की त्यांना हायसं वाटलं असणार. साम्राज्याच्या राजधानीत जे जादूचं म्हणून मिरवत होतं ते प्रत्यक्षात एका घराच्या परसात, बायकोपोरांच्या हातांनी चाललेलं. हे आपल्याकडेही जमण्यासारखं आहे, नव्हे, घर तर आपल्याकडे मोठं आहे! विलायत पाहून आलेल्यांची आपल्याकडची वर्णनं वाचली की तिथला दिपवणारा भागच जास्त भेटतो. रस्ते केवढे, दुकानं कशी, शिस्त किती. दिपलेल्या माणसाला परत आल्यावर आपलं गाव खुजं दिसतं. फाळके परतले आणि पहिला चित्रपट होताच मुंबईतून बाडबिस्तरा हलवून नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर' इथे झाला, 'सत्यवान सावित्री' इथे झाला. 1914 मध्ये आपले चित्रपट घेऊन ते परत लंडनला गेले तेव्हा तिथेच राहून काम करण्याचं बोलावणं आलं होतं. ते नको म्हणून नाशिकला परतले. 1918 मध्ये इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली.

पुढे दोघांचंही घर बसलं. हेपवर्थचं 1924 मध्ये दिवाळं निघालं, त्याच्या चित्रपटांच्या निगेटिव्ह वितळवून विकल्या गेल्या. बोलपट आल्यावर फाळके मागे पडले आणि 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये, ओढग्रस्तीत गेले. कॅबोर्नने धंद्याबद्दल दिलेला इशारा काही अगदीच खोटा नव्हता.

हेपवर्थच्या स्टुडिओतलं आज उरलंय ते वीजघर. दिव्यांना वीज पुरवणारी इमारत. आता तिथे गावचं छोटं नाट्यगृह आहे, प्लेहाऊस नावाचं. आम्ही गेलो तेव्हा दार अर्धं उघडं होतं आणि माझ्याच वयाच्या एक बाई, कोपरापर्यंत हिरवा रंग लागलेल्या, रंगवलेली लाकडी चौकट आत घ्यायच्या खटपटीत होत्या. झाडं होती तिच्यावर. स्थानिक हौशी मंडळींचं नाटक बसत होतं. काय हवंय असं त्यांनी विचारलं, तेव्हा भाच्याने माझ्याकडे बोट दाखवून हात झटकले. मी सांगितलं, की शंभरावर वर्षांपूर्वी आमच्या गावचा माणूस इथे काम शिकायला आला होता.

"शिकला का?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, शिकला, घरी जाऊन राजाची गोष्ट केली. कोणती, म्हणून त्यांनी विचारलं. मग त्या थंडीत दारात उभं राहून मी आमच्या नाशिकरोडी इंग्रजीत हरिश्चंद्र-तारामती सांगू लागलो; स्वप्नात दिलेलं राज्य, काशी, स्मशान, सापाने डसलेला मुलगा. त्यांनी मध्येच थांबवून मुलगा शेवटी वाचतो ना, एवढं खात्रीने विचारून घेतलं. सरस्वतीबाईंचं सांगितलं तेव्हा मात्र त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे स्वयंपाकही तिचा आणि भोकंही तिचीच! इथे चहा माझ्याकडे आहे, कपडे माझ्याकडे आहेत, आणि आता हे जंगलसुद्धा." चौकटीचा एक कोपरा दारात अडकला होता. बाईंनी भाच्याला खालचं टोक धरायला लावलं, मला वरचं, आणि रंग ओला आहे, कोट सांभाळा, असं बजावून त्या आतून ओढू लागल्या.